मुलुंडातली पलतडवाडी

मुलुंड नावाचं एक ठिकाण पृथ्वीच्या पाठीवर आहे, ही गोष्ट माझ्या मामेसासऱ्यांनी आजतागायत मान्य केलेली नाही. ते स्वतः तिथे चाळीसेक वर्षं राहताहेत, तिथल्याच एका औषधकंपनीच्या स्टोअर्समध्ये नोकरी करून निवृत्त झाले, तिथल्याच बागेत रोज सकाळी फिरतात, पण या सगळ्याला ते "सध्या जरा इकडे आहे" असं म्हणतात. त्यांच्या लेखी जगात खरी वस्ती एकच, सिंधुदुर्गातलं त्यांचं गाव. बाकी मुंबई, दिल्ली, लंडन वगैरे म्हणजे गावातली माणसं पोटासाठी जिथे जाऊन राहतात ती ठिकाणं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर मामा हे वाचतील, आणि नाव दिलंस मग चतुःसीमा का दिल्या नाहीस म्हणून मला फोन येईल. चतुःसीमा दिल्याशिवाय गावाचं नाव घेणं त्यांना अर्धवट कपडे घालून बाहेर पडल्यासारखं वाटतं.

माझी आणि या गावाची पहिली भेट ताटात झाली. लग्न ठरल्यावर आम्ही मामांकडे जेवायला गेलो होतो. मी भिजल्या मांजरासारखी बसले होते. मामांनी विचारलं, "गाव खयचा?" मी म्हटलं, "गोरेगाव." ते म्हणाले, "ता झाला. पण गाव?" मी म्हटलं, "गोरेगावच. बाबांचा जन्मही तिथलाच." मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "मगे मे म्हयन्यात तू जातंस खय?" मी खरं ते सांगितलं, की कुठेच जात नाही, घरी असते. मामा मामींकडे बघून म्हणाले, "चेडवाक गाव नाय गो." पोरीला गावच नाही, हे असं हळहळून म्हणाले, की माझे आईवडील धडधाकट असताना मला क्षणभर पोरकं वाटलं. मग त्यांनी त्याच बैठकीला मला गाव द्यायचं ठरवलं. ताटातल्या भाताचा एक बाजूने उंच ढीग केला. "हो सडो. वर सगळो कातळ." भातातून बोटाने चर काढून त्यात सोलकढी ओतली. "हो व्हाळ. उगवतीकडसून मावळतीक जाता." व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे सुरमईची तुकडी म्हणजे देऊळ, तिच्यामागे लिंबाची फोड म्हणजे ग्रामपंचायत. व्हाळाच्या खालच्या अंगाला, पलीकडे, लोणच्याची फोड म्हणजे मांगरवाडी. आणि वरच्या अंगाला, पलीकडेच, अगदी ताटाच्या कडेला त्यांनी एक कोलंबी अलगद ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाले, "ही आमची पलतडवाडी." पलतड म्हणजे पलीकडचा काठ. मामी वाढता वाढता म्हणाल्या, "तेवढो गाव थंड होताहा. जेवा आधी." मामांनी देऊळ खाल्लं, पंचायत खाल्ली, सडा चाटूनपुसून संपवला, पलतडवाडी मात्र शेवटपर्यंत राखून ठेवली. मला वाटलं, लग्नाच्या आधी सासरची माणसं जरा जास्तच उत्साहात असतात. नंतर कळलं, की मामा रोजच असे जेवतात.

मुलुंड मान्य नसलं तरी तिथे राहायचं तर आहे, म्हणून मामांनी त्याची आपल्यापुरती सोय लावून घेतली आहे. त्यांच्या सोसायटीत तीन इमारती आहेत. बी विंगच्या खाली गणपती बसतो म्हणून ती देऊळवाडी. सी विंगसमोर पाणी तुंबतं म्हणून ती खालचीवाडी. ए विंगमध्ये समितीचे सगळे पदाधिकारी राहतात म्हणून ती मानकऱ्यांची वाडी. ही नावं त्यांनी इतकी वर्षं इतक्या गंभीरपणे वापरली, की आता जौनपूरचा वॉचमनसुद्धा कुरियरवाल्यांना सांगतो, "सी विंग? सीधा जाओ, खालचीवाडी में." सोसायटीची वार्षिक सभा ही मामांची ग्रामसभा असते. विषय असतो लिफ्ट बदलायची की दुरुस्त करायची. मामा उठतात आणि आधी कोरम पुरा आहे का ते विचारतात. मग सूचक कोण, अनुमोदक कोण. मग विरोधात कुणी आहे का, नसल्यास का नाही. सेक्रेटरी गुजराती, अतिशय शांत माणूस, पण एकदा त्याचाही तोल सुटला. तो म्हणाला, "काका, ये पंचायत नहीं है, सोसायटी है!" मामा त्याच्याकडे करुणेने बघत म्हणाले, "वही तो प्रॉब्लेम है."

महापालिकेच्या निवडणुकीच्या वेळी एक तरुण उमेदवार हात जोडून दारात आला. मामांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "तुमच्या वॉर्डाची पूर्वेची हद्द कोणती?" तो आपल्या कार्यकर्त्यांकडे बघायला लागला. कार्यकर्ते मोबाइलकडे बघायला लागले. मामा म्हणाले, "बरं, पश्चिमेची?" त्याला तीही नीट सांगता येईना. "आमच्या पंचायतीचा कुठलाही मेंबर झोपेतून उठवा," मामा म्हणाले, "चारी दिशा सांगेल, आणि कुठला बांध कुणी सरकवला तेही सांगेल." मग त्या पोराला वाईट वाटलं असेल म्हणून मामींकडून त्याला लाडू देववला आणि जिन्यापर्यंत पोचवायला गेले. तो निवडून आला की पडला हे मामांना माहीत नाही. गावचे सगळे मेंबर मात्र त्यांना प्रभागांसकट पाठ आहेत. कोण कुणाच्या मळ्यातून पाणी वळवतो आणि म्हणून कोण कुणाच्या ठरावाला आडवा जातो, हेसुद्धा ते चहा गाळत गाळत सांगतात.

रोज सकाळी, पंचायतीचं दार उघडायच्या सुमाराला, मामा ग्रामसेवकाला फोन करतात. सरकारने या माणसाला अलीकडे दुसरं भारदस्त पदनाव दिलं आहे, पण मामा जुन्याच नावाने हाक मारतात आणि तो बिचारा ओ देतो. "नळाक पाणी इला? देवळाकडची दिवाबत्ती चालू झाली? मोरयेत कचरो अडकलेलो तो काढलो?" ग्रामसेवक बदलतात, मामांचा फोन बदलत नाही. मागचा ग्रामसेवक बदलून गेला तेव्हा त्याने नव्या माणसाला पंचायतीच्या चाव्या दिल्या, शिक्के दिले आणि "मुंबईच्या काकांचा नंबर" दिला. नवा माणूस घाटावरचा. पहिल्या दिवशी त्याने भाबडेपणाने विचारलं, "काका, तुम्ही पंचायतीत कुठल्या पदावर?" मामा म्हणाले, "ग्रामस्थ." हे पद त्यांना सरपंचाहून मोठं वाटतं.

शिवाय मंडळ आहे. आमच्याकडच्या बहुतेक गावांचं मुंबईत एक मंडळ असतं. गावातली माणसं गावात राहतात खरी, पण गाव कसं चालवावं हे मुंबईतल्यांनाच कळतं, अशी या मंडळांची श्रद्धा असते. आमच्या मंडळाची सभा घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात रविवारी भरते. पोट सुटलेले, चष्मे लावलेले गृहस्थ पहिलीतल्या मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतात आणि तावातावाने भांडतात. मला मामा कौतुकाने एकदा घेऊन गेले. त्या दिवशीचा विषय होता, गावातल्या एस.टी.च्या थांब्यावर कुणीतरी म्हैस बांधतो. दोन तास चर्चा झाली. थांब्यावर म्हैस बांधू नये, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत कुणाचीही म्हैस नव्हती. ठराव गावात पोचला तेव्हा म्हशीच्या मालकाने तो शांतपणे ऐकून घेतला, "बरा" म्हणाला, आणि म्हैस होती तिथेच राहिली. मामांना याचं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, "ठराव झालो ना? मगे झाला."

एका ठरावाच्या बाबतीत मात्र मामा असे सहज सोडून देत नसत. तो पलतडवाडीच्या साकवाचा. साकव म्हणजे व्हाळावरचा माणूस जाण्यापुरता लहान पूल. आमच्याकडे पूर्वापार सुपारीची नाहीतर माडाची खोडं टाकून साकव घालतात. उन्हाळ्यात त्याच्यावरून बिनघोर जाता येतं, आणि पावसाने जोर धरला की साकव समुद्राकडे निघून जातो. मग पलतडवाडी पाणी उतरेपर्यंत पलीकडेच. मामांच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या लग्नात वळवाने व्हाळ भरला आणि वऱ्हाड अलीकडेच अडकलं. मुहूर्त टळू नये म्हणून भटजींनी म्हणे अलीकडून खणखणीत आवाजात मंगलाष्टकं सुरू केली आणि नवरी पलीकडून अक्षता टाकत राहिली. पाणी उतरल्यावर लग्न परत नीट लावलं. सासूबाई अजूनही चिडल्या की सासऱ्यांना म्हणतात, "आपला लगीन नक्की कुठच्या बाजूक लागला, ताच माका कळला नाय." ही गोष्ट मामा फार रंगवून सांगतात. व्हाळाची दुसरी गोष्ट ते सांगत नाहीत. ती मला मामींनी सांगितली. मामांचे वडील मुंबईला कधी आले नाहीत. ऐन श्रावणात ते गेले. मामा मिळेल त्या गाडीने निघाले आणि अलीकडच्या काठाला पोचले तेव्हा व्हाळ दुथडी भरला होता. पलीकडून वडिलांना नेत होते ते त्यांना दिसत होतं. त्यांनी पाण्यात उतरायचा प्रयत्न केला, तर चौघांनी धरून ठेवलं. ते काठावर उभे राहिले आणि वडील पलीकडून गेले. हे सांगताना मामी बांगडे साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तेव्हापासून पलतडवाडीला पक्का साकव व्हायला हवा, एवढी एकच गोष्ट मामांनी आयुष्यात खरोखर मागितली. सरपंच झाले, गेले, पंचायत समितीचे सभापती बदलले, मामांचे केस पांढरे झाले. आणि मग मागच्या हिवाळ्यात फोन आला, की एक साकव मंजूर झाला. एकच. आणि मागणी दोन वाड्यांची होती, वरच्या अंगाला पलतडवाडी आणि खालच्या अंगाला मांगरवाडी. कुठे घालायचा ते ग्रामसभेत ठरणार होतं.

मामा गावाला जायला निघाले तेव्हा मामींचे गुडघे दुखत होते आणि माझ्या नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून सोबतीला मी. त्याआधीचे आठ दिवस त्यांनी जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून भाषणाची तयारी केली होती. मामी कंटाळून म्हणाल्या, "साकव माझ्या नावान घाला, पण आता निजा." ठाण्याला गाडीत बसलो आणि मामा जे बोलायला लागले ते थेट उतरेपर्यंत. नद्या, बोगदे, कुठल्या स्टेशनापासून मातीचा रंग लाल होतो, सगळं. समोरच्या बाकावर एक नवविवाहित जोडपं होतं. ते गोव्याला चाललं होतं. आम्ही उतरताना त्या मुलीने मला हळूच विचारलं, "काकांच्या गावात एखादं हॉटेल आहे का हो? आम्हाला बघावंसं वाटतंय." मामांना हे ऐकू आलं आणि त्यांची छाती दोन बोटं वर आली.

ग्रामसभा पंचायतीच्या पुढच्या अंगणात, मांडवाखाली होती. सरपंच म्हणजे एक तिशीची मुलगी, मांगरवाडीचीच सून. खुर्चीवरून उठून तिने मामांना नमस्कार केला, पुढची खुर्ची दिली. माणसं "मुंबयचे काका इले" म्हणत सरकून बसली. ग्रामसेवक तर, ज्याचा आवाज रोज ऐकतो तो माणूस प्रत्यक्ष बघून हरखला होता. साकवाचा विषय आला आणि मामा उभे राहिले. चतुःसीमांपासून सुरुवात केली. व्हाळाचा उगम, त्याची वळणं, कुठे पात्र अरुंद आहे आणि कातळ पक्का लागतो, म्हणजे पाया स्वस्तात होईल. मी पुष्कळदा ऐकलेलं, तरी मला अभिमान वाटत होता. मांडव चिडीचूप झाला होता. मांगरवाडीची माणसंसुद्धा माना डोलवत होती.

मामा बोलायचे थांबले तेव्हा सरपंच अगदी मऊपणाने म्हणाली, "काका, सगळा पटला. फकत थय सध्या रवता कोण कोण, तेवढा सांगा. वर कळवूक लागता."

मामांना यापेक्षा सोपा प्रश्न कुणी विचारला नसता. त्यांनी डोळे मिटले आणि वाडीत शिरले. "व्हाळ उतारल्यार पयला घर आमच्या थोरल्या काकांचा. तेंचे झील दोघव डोंबिवलीक. तेच्या वर मास्तरांचा. मास्तर गेले, बायको झिलाकडे, विराराक. मगे चिंचेकडचा घर. ते... ते सध्या भांडुपाक." कुणीतरी खोकलं. मामांचा आवाज जरा हळू झाला. "पाणंदीच्या तोंडाक सुताराचा. तो गोव्याक गेलो. मगे आमचा." आणि इथे ते थांबले. मला वाटलं विसरले, पण विसरणं त्यांच्या स्वभावातच नाही. "आमचा बंद आसा," ते म्हणाले. मग एकदम डोळे उघडून, हातात धरायला काठी सापडावी तसे म्हणाले, "पण शेवटच्या घरात वयनी आसा! थोरली वयनी एकटी रवता थय. म्हातारी माणूस. तिका पावसात कोण बघतलो? तिच्यासाठी तरी साकव होया."

ग्रामसेवक टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. मग बायकांच्या घोळक्यातून एक बारीक आवाज आला. "भावोजी, मी हय आसय."

मामा वळले. मागच्या रांगेत, मांगरवाडीच्या बायकांत, वहिनी बसल्या होत्या. "गेल्या पावसाच्या आधीच चेडू माका मांगरवाडीक घेवन इला," त्या म्हणाल्या. "एकटी काय करू थय? रात्रीची भिती वाटा. तुमका सांगूचा म्हणत होते सगळे. पण तुम्ही फोन केलास काय पलतडवाडीचाच विचारतास. मगे कोणाक धीर झालो नाय."

नळाचं पाणी, दिवाबत्ती, मोरीतला कचरा, सगळं रोजच्या रोज मुलुंडला कळत होतं. पलतडवाडीतलं शेवटचं माणूस उठून गेलं, एवढंच अख्ख्या गावाने मिळून मामांपासून लपवलं होतं. ते सुद्धा मायेने. मला तेव्हा गावाचा राग आला आणि त्याच वेळी त्या माणसांच्या पाया पडावंसं वाटलं. मी मामांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

मामा वहिनींकडून सरपंचाकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "मांगरवाडीची पोरा शाळेक कशी येतत पावसात?" सरपंच म्हणाली, "येनत नाय, काका. पाणी असला काय घराकच रवतत." मामांनी मान हलवली. घसा साफ केला आणि सोसायटीत लिफ्टच्या वेळी बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "साकव मांगरवाडीक घालूचो. कोणाचो विरोध?"

विरोध कुणाचा असणार? सरपंचाने ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. अख्खा मांडव उठल्यासारखे हात वर गेले. वहिनींचा गेला, म्हशीवाल्याचा गेला. आणि पुढच्या खुर्चीपाशी मामांचाही गेला. ग्रामसेवक बोटाने हात मोजत मोजत पुढे आला, मामांपाशी अडखळला आणि खाली वाकून कानात सांगितल्यासारखं म्हणाला, "काका, तुमचं नाव मुलुंडच्या मतदारयादीत आहे. तुमचा हात मला धरता येत नाही हो." त्याला बिचाऱ्याला ते बोलणं जड जात होतं.

मामा म्हणाले, "धरू नको रे. पण वर रवांदे."

मोजणी झाली. ठराव मंजूर झाल्याचं सरपंचाने वाचून दाखवलं. हात खाली गेले, माणसं बोलायला लागली, पुढचा विषय पाणीपट्टीचा निघाला, आणि मामांचा हात तसाच वर होता. व्हाळ जिकडे आहे तिकडे ते बघत होते. शेवटी मी उठून त्यांच्याजवळ गेले, तो हात दोन्ही हातांनी धरला आणि हळूच खाली घेतला.